मोड आलेली मटकी आणि कुटचा वेढा

फौजेत 'सलाद' म्हटले की डोळ्यांपुढे एकच चित्र येते. स्टीलच्या थाळीत काकडी, मुळा आणि कांद्याच्या गोल चकत्या, कडेला लिंबाची फोड, आणि बडाखाना असला तर मधोमध टोमॅटोचे फूल. ते फूल कोणी खात नाही. फोटो मात्र सगळे काढतात. माझी वीस-बावीस वर्षांची नोकरी याच सलादच्या साक्षीने झाली आहे आणि त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही.

आज लिहायचे आहे ते दुसऱ्या सलादविषयी. मोड आलेली मटकी, बारीक चिरलेला कांदा, लिंबाचा रस, मीठ. असल्यास कोथिंबीर आणि दाण्याचे कूट. आपल्या घरांत याला कोणी सलाद म्हणत नाही. कोशिंबीर म्हणतात, किंवा काहीच म्हणत नाहीत, ताटाच्या डाव्या बाजूला वाढून मोकळे होतात. पण या मूठभर मोडांमागे एक इतिहास आहे. त्यात पुण्याचे नाव धारण करणारी एक डिव्हिजन आहे, तीन मराठा पलटणी आहेत, आणि एक प्रश्न आहे. माणसाकडून एकेक गोष्ट काढून घेत गेले, तर शेवटी जो उरतो तो कोण? आजकाल याला 'स्वतःचा शोध' म्हणतात आणि त्यासाठी लोक हिमालयात जातात. हिमालयात मी सरकारी खर्चाने बरीच वर्षे काढली आहेत. तिथे डोकेदुखी हमखास सापडते. स्वतः सापडेलच याची खात्री नाही. म्हणून मी हा प्रश्न इतिहासाला विचारून पाहतो आहे.

पूना डिव्हिजन

पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरले आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थानातून एक फौज इराणच्या आखाताच्या टोकाशी जाऊन उतरली. काम सुरुवातीला मर्यादित होते. अबादानचा तेलाचा कारखाना सांभाळायचा आणि बसरा ताब्यात घ्यायचे. या फौजेचे नाव सहावी (पूना) डिव्हिजन. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. कोकण, सातारा, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यातले मराठे आणि त्यांच्या जोडीला दख्खनी मुसलमान. शेजारी पंजाबी, राजपूत, गुरखे आणि डॉर्सेट, नॉरफोक, ऑक्सफर्डशायर या भागांतल्या गोऱ्या पलटणी.

बसरा सहज मिळाले. मग जे अनेक मोहिमांत होते ते इथेही झाले. यश मिळत गेले तसे ध्येय नदीच्या वरच्या अंगाला सरकत गेले. एप्रिल १९१५ मध्ये मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड डिव्हिजनचा कमांडर झाला. सप्टेंबरअखेरीस टायग्रिसच्या काठावरचे कुट-अल-अमारा घेतले गेले आणि नजर बगदादवर गेली. नोव्हेंबरात टेसिफॉनला तुर्कांनी अडवले. त्या लढाईत साडेचार हजारांच्या आसपास माणसे मारली गेली किंवा जखमी झाली. डिव्हिजन मागे फिरली आणि ३ डिसेंबर १९१५ रोजी कुटमध्ये शिरली. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा आवळला.

कुट म्हणजे नदीच्या वळणात अडकलेले एक मातीच्या घरांचे गाव. तीन बाजूंनी टायग्रिस, चौथ्या बाजूला खंदक आणि काटेरी तारा. बगदाद तिथून वायव्येला सुमारे १६० किलोमीटर. हा वेढा १४७ दिवस चालला. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यांना सोडवण्यासाठी शेख साद, वादी, हन्ना, दुजैला, सन्नाइयात अशा लढाया झाल्या आणि त्यांत २३ हजारांच्या घरात माणसे खर्ची पडली. म्हणजे जितकी आत होती, त्याहून कितीतरी जास्त.

वेढ्याची ही लष्करी बाजू आम्हाला शिकवली जाते. पुरवठा रेषा लांबवू नये, विजयाच्या धुंदीत तळ मागे सोडू नये, वगैरे. मला त्यातले रेशनचे कोष्टक जास्त बोलके वाटते.

एक गाव, दोन ताटे, दोन रोग

गोऱ्या शिपायाच्या ताटात पांढऱ्या मैद्याचा पाव आणि मांस. हिंदी शिपायाच्या ताटात आटा, डाळ, थोडे तूप, मीठ. जानेवारीत टाउनशेंडने घराघरांची झडती घेतली तेव्हा जवाचे मोठे साठे सापडले आणि हिंदी शिपायाच्या आट्यात जव मिसळू लागले. जानेवारीच्या अखेरीपासून तोफखान्याचे घोडे, खेचरे कापायला सुरुवात झाली. गोऱ्यांनी घोड्याचे मांस खाल्ले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नाकारले.

आता पाहा काय झाले. गोऱ्या पलटणींत बेरीबेरी दिसू लागला. पाय सुजणे, पायांतली ताकद जाणे, हृदय थकणे. हिंदी पलटणींत तो जवळजवळ नव्हता. हिंदी पलटणींत मात्र स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजून काळ्यानिळ्या होतात, दात हलतात, सांधे दुखतात, भरलेल्या जखमा पुन्हा उघडतात. गोऱ्यांत स्कर्व्ही नव्हता. एकाच गावात, एकाच पाण्यावर, एकाच तोफांच्या माऱ्याखाली दोन गट आणि दोन वेगळे रोग.

फेब्रुवारीत पांढरा मैदा संपला आणि गोऱ्यांनाही जवमिश्रित जाडेभरडे पीठ खावे लागले. पाव काळा झाला, कुरकुर वाढली, आणि बेरीबेरी ओसरला. धान्याच्या सालीत जे जीवनसत्त्व असते, ज्याला आज ब-१ म्हणतो, ते मैद्यात नव्हते आणि भरड पिठात होते. तसेच ताज्या मांसात थोडे का होईना क जीवनसत्त्व होते. आटा आणि डाळीत ते नव्हते. हे आज शाळेतले मूल सांगेल. तेव्हा 'व्हिटामिन' हा शब्द जन्मून चारच वर्षे झाली होती. कॅसिमिर फंक याने तो १९१२ मध्ये वापरला.

एक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. स्कर्व्हीने गाठलेला हिंदी शिपाई वेढ्यात पडल्यामुळेच आजारी झाला असे नाही. शरीरातला क जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन महिन्यांत संपतो आणि ही माणसे वर्षभर मोहिमेच्या शिध्यावर होती. शांततेच्या काळात हिंदी शिपाई आपला शिधा स्वतःच्या पगारातून घेत असे. बाजारातली मेथी, कांदा, लिंबू, मिरची त्याची त्याने आणायची. मोफत शिधा सरसकट सुरू झाला तो १९१७ मध्ये. त्यामुळे मोहिमेचे कोष्टक बनवणाऱ्यांच्या हिशेबात भाजी हा शिपायाचा खासगी मामला राहिला असावा. पण इराकच्या वाळवंटात बाजार कुठून आणायचा? कुट पडल्यानंतरही, १९१६ च्या दुसऱ्या सहामाहीत, मेसोपोटेमियातल्या हिंदी फौजेत स्कर्व्हीचे ११ हजारांवर रुग्ण निघाले. एवढी माणसे गोळी न झाडता शत्रूने निकामी केली असती, तर त्या शत्रूच्या सेनापतीला आपण महान म्हटले असते.

घोड्याचे मांस

आता त्या नकाराविषयी. कुटवरच्या इंग्रजी आठवणी वाचताना हा भाग फार चिडून लिहिलेला दिसतो. अडाणी, हट्टी, जातीच्या आहारी गेलेले शिपाई, असा एकूण सूर. टाउनशेंडने बिनतारी संदेश पाठवून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवली. ती आली. हिंदूंसाठी आली, मुसलमानांसाठी आली. तरीही मार्च उलटेपर्यंत बहुतेकांनी हात लावला नाही.

का? शिपायांनी दिलेली कारणे त्या काळच्या नोंदींत आहेत. परत गेल्यावर गाव वाळीत टाकील. आपल्या मुलींना कोणी करून घेणार नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा थांबलो. इंग्रज अधिकाऱ्याला वाटले की अडचण देवाची आहे, म्हणून त्याने देवाच्या माणसांकडून परवानगी आणली. शिपायाची अडचण गावाची होती. धर्मगुरूची परवानगी तारेने येऊ शकते, गावाची येत नाही. गावात पाणवठा असतो, पंगत असते, पंगतीत आपल्या शेजारी कोण बसते आणि कोण उठून जाते ते असते. त्या शिपायाला 'तू कोण' असे विचारले असते तर त्याने नाव, बापाचे नाव, गाव, तालुका असे सांगितले असते. त्याचा 'स्व' त्याच्या कातडीच्या आत संपत नव्हता. तो साताऱ्यातल्या किंवा राजापुराकडच्या एखाद्या वाडीपर्यंत पसरलेला होता. आणि त्या वाडीत परत जायचे आहे, या एका गोष्टीवर तो खंदकात उभा होता.

मग एप्रिल उजाडला. पीठ दिवसाला चार-पाच औंसांवर आले, म्हणजे आजच्या हिशेबाने सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. आजही पलटणीत एखादा जवान सकाळच्या एका चहाबरोबर तेवढ्याच्या चपात्या खातो. विमानांतून पिठाची पोती टाकण्याचा प्रयत्न झाला. हवाईमार्गे वेढ्यातल्या फौजेला रसद पोहोचवण्याचा हा जगातला पहिल्या काही प्रयत्नांपैकी एक. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांकडे गेली. २४ एप्रिलला 'जुल्नार' नावाची आगबोट २७० टन रसद घेऊन रात्री नदीतून घुसली आणि तुर्कांनी ती अडवली. याच महिन्यात हजारो हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस खायला सुरुवात केली.

माझ्या ओळखीच्या काही लोकांना हे मांडताना एक बाजू घ्यावीशी वाटते. एक म्हणतो, आधीच खाल्ले असते तर किती जीव वाचले असते. हे खरे आहे. स्कर्व्हीच्या रोग्याची जखम भरत नाही, पहारा देताना तो उभा राहू शकत नाही, आणि त्याची किंमत शेजारच्या खंदकातला माणूस मोजतो. दुसरा म्हणतो, शेवटपर्यंत न खाणारेच खरे. हे मला पटत नाही. ज्याने एप्रिलात मांस तोंडात घातले, त्याने काही गमावले असे मला वाटत नाही. त्याने गावाची पंगत आणि शेजारी उभा असलेला सोबती यांच्यात सोबत्याला निवडले. ज्याने नाही खाल्ले, त्याने गावाला निवडले. दोघेही उपाशी होते, दोघांच्याही हिरड्यांतून रक्त येत होते आणि दोघांनीही जे ठरवले ते स्वतः ठरवले. सैनिकाच्या आयुष्यात इतक्या थोड्या गोष्टी स्वतः ठरवायच्या असतात की मला दोघांपुढेही टाच जुळवावीशी वाटते.

माझा राग दुसरीकडे आहे. त्या माणसांपुढे धर्म की हिरड्या, असा पर्याय ठेवला गेला. तिसरा पर्याय होता का? होता. तो त्यांच्या आयांना माहीत होता.

लंडनमधल्या दोन बाया

कुटच्या शरणागतीच्या सुमारास लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक नावाची संशोधक काम करत होती. युद्धामुळे पुरुष सहकारी मोर्चावर गेलेले. प्रयोगशाळा बऱ्याच अंशी स्त्रियांच्या हाती आली. चिक आणि तिची सहकारी मार्गारेट ह्यूम यांनी सैन्यात पसरलेल्या बेरीबेरी आणि स्कर्व्हीच्या प्रश्नात हात घातला. १९१७ मध्ये त्यांनी कोणत्या अन्नात या रोगांना रोखणारा पदार्थ असतो आणि कोणत्यात नसतो, याची मांडणी प्रसिद्ध केली. कुटचे उदाहरण त्यांच्यापुढे होतेच.

स्कर्व्हीसाठी लिंबूवर्गी फळे गुणकारी, हे जुने ज्ञान होते. जेम्स लिंडने १७४७ मध्ये १२ खलाशांवर करून पाहिलेला प्रयोग प्रसिद्ध आहे, आणि १७९५ पासून ब्रिटिश आरमारात लेमनचा रस सुरू झाला. पुढे त्याच्या जागी वेस्ट इंडीजमधल्या लाइमचा रस आला. तो बाटल्यांत महिनोन्महिने साठवला जाई. लिस्टरच्या स्त्रियांनी तपासले तेव्हा तो लेमनच्या मानाने फारच दुबळा निघाला. म्हणजे ज्या बाटल्यांच्या भरवशावर खाते निश्चिंत होते, त्या बाटल्यांत फारसे काही उरले नव्हते.

मग ताजी फळे नाहीत, भाजी नाही, अशा जागी काय करायचे? नॉर्वेत आधी झालेल्या कामातून एक धागा मिळाला होता. कोरड्या दाण्यात स्कर्व्ही रोखणारा गुण नसतो. तोच दाणा भिजवून मोड आणले की तो गुण येतो. चिक आणि तिची दुसरी सहकारी मॅरियन डेल्फ यांनी यावर पद्धतशीर प्रयोग केले आणि १९१९ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यातून निघालेली कृती साधी आहे. दाणे स्वच्छ पाण्यात भिजवायचे, पाणी काढून ओलसर ठेवायचे, हवा लागू द्यायची, मोड आले की लगेच खायचे, शिजवायचे तर अगदी थोडा वेळ. आणि एक अट त्यांनी आवर्जून घातली. दाणा अख्खा हवा, सालासकट. भरडलेल्या डाळीचा उपयोग नाही.

१९१८ मध्ये सर्बियन सैनिकांच्या इस्पितळात विल्टशायर नावाच्या डॉक्टरने हे माणसांवर करून पाहिले. स्कर्व्हीच्या रोग्यांच्या एका गटाला ताज्या लिंबाचा रस, दुसऱ्याला मोड आलेल्या घेवड्याच्या बिया. चार आठवड्यांनी मोडवाला गट मागे तर नव्हताच, उलट बरे झालेल्यांचे प्रमाण त्यात जास्त होते.

चिक १०२ वर्षे जगली. १९७७ मध्ये वारली.

हे वाचताना कोणाही मराठी माणसाला हसू येईल आणि लगेच वाईटही वाटेल. सकाळी मटकी भिजत घालायची, रात्री उपसून फडक्यात बांधायची, दुसऱ्या दिवशी पुरचुंडी सोडली की पांढरे कोंब. देशावर मटकी आणि हुलगे, कोकणात वाल आणि त्याचे बिरडे. पूना डिव्हिजनमधला प्रत्येक मराठा शिपाई हे खाऊन मोठा झालेला होता. लंडनला जे १९१९ मध्ये छापून आले, ते त्याच्या आईच्या उतरंडीत होते. फक्त ते 'ज्ञान' आहे हे कोणाला वाटले नव्हते, तिलासुद्धा. आणि सरकारी शिध्यात कडधान्य होते ते डाळीच्या रूपात. डाळ लवकर शिजते, कमी जळण लागते, साठवायला सोपी. पण भरडताना दाण्याचा अंकुर जातो. डाळीला मोड येत नाहीत.

फौजी सवयीने मी एक हिशेब मांडून पाहिला. स्कर्व्ही टाळायला दिवसाला १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरते. मोड आलेल्या १०० ग्रॅम कच्च्या मुगांतून ते मिळून जाते. त्यासाठी ४० ग्रॅमच्या आसपास कोरडे मूग लागतील, म्हणजे एक मोठी मूठ. १० हजार माणसांना दिवसाला ४०० किलो. १४७ दिवसांचे साधारण ५९ टन. 'जुल्नार'वर जेवढी रसद लादली होती, त्याच्या पाव भागाहूनही कमी. कडधान्य नासत नाही, उन्हात टिकते, कोणाच्याही धर्माच्या आड येत नाही. पाणी टायग्रिसमध्ये भरपूर होते. आणि कुटमध्ये जळणाची जी टंचाई होती, तिचाही प्रश्न नाही, कारण मोड कच्चेच खायचे. एवढ्याने वेढा उठला नसता. पोट भरले नसते, कारण भूक ही वेगळी गोष्ट. पण हिरड्या राहिल्या असत्या, जखमा भरल्या असत्या.

पुढे काय झाले तेही सांगायला हवे. १९१७ मध्ये मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल आला आणि मोहिमेच्या वैद्यकीय व पुरवठा व्यवस्थेचे वाभाडे निघाले. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. इराकमधल्या फौजेसाठी भाजीपाल्याच्या बागा केल्या गेल्या, शिधा सुधारला, स्कर्व्ही उतरला. मार्च १९१७ मध्ये बगदादही पडले. पण तोवर कुटमधले शिपाई वाळवंटातून चालत उत्तरेकडे नेले गेले होते. रास-अल-ऐनच्या परिसरात रेल्वेचा मार्ग घालण्याच्या कामाला हिंदी कैद्यांना जुंपले गेले. गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक कैदेत मेले, हिंदी शिपाईही मोठ्या संख्येने. जनरल टाउनशेंडने कैदेचा काळ इस्तंबूलजवळच्या एका बेटावर आरामात घालवला.

पंधरा हजार फुटांवर

काही वर्षांपूर्वी लडाखमध्ये एका चौकीवर आमची तुकडी हिवाळ्यात होती. मिश्र तुकडी. खिंडी बंद झाल्या की ताजी भाजी दुर्मीळ होते. आज परिस्थिती १९१६ ची नाही. डबाबंद अन्न आहे, गोळ्या आहेत, म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने बनवलेले तयार जेवण आहे. लेहच्या डीआरडीओ संस्थेने थंड वाळवंटात भाज्या कशा पिकवाव्यात यावर अनेक वर्षे काम केले आहे आणि तिथल्या काटेरी झुडपांवरच्या आंबट फळांचा रसही आम्ही प्यायलो आहोत. स्कर्व्हीची भीती नाही. पण तीन महिने डब्यातले खाल्ल्यावर दाताखाली काहीतरी कुरकुरीत यावे, ही तहान वेगळीच असते.

आमच्यात माण तालुक्यातला एक जवान होता. सुट्टीवरून येताना त्याने मटकीची पिशवी आणली होती. त्या थंडीत मोड येणे कठीण. बुखारीजवळ ठेवली तर सुकते, लांब ठेवली तर गोठते. याने काय केले, तर ओल्या फडक्यातली पुरचुंडी प्लॅस्टिकमध्ये सैल गुंडाळून रात्री स्लीपिंग बॅगमध्ये स्वतःजवळ घेतली. चार रात्री. पाचव्या दिवशी कोंब आले. गावी एका रात्रीत येतात.

त्याने कांदा चिरला, डब्यातले लोणचे कालवले आणि ताटली फिरवली. एक तमिळ हवालदार म्हणाला, आमच्याकडे याचे सुंदल करतात. डोग्रा जवानाने नुसतेच मुठीने खाल्ले. मी सहज म्हटले, "अरे, लंगरात डाळ आहे की रोज. एवढा खटाटोप कशाला?"

"रेशनची डाळ समद्यांची असती, साहेब," तो म्हणाला. "ही आमच्या रानातली हाय."

आणि मग ती त्याने समद्यांना वाटली.

खडकवासल्याला पहिल्या दिवशी आमचे केस कापले गेले, कपडे बदलले गेले, नावाच्या जागी कॅडेट नंबर आला. बाहेरच्यांना वाटते की फौज माणसाचा 'स्व' पुसून टाकते. मला अनुभव उलटा आहे. वरचे सगळे एकसारखे झाले की आतला फरक दिसू लागतो. कोण शेवटचा घोट पाणी पुढे करतो, कोण रात्री पुरचुंडी उराशी धरून झोपतो. अधिकाऱ्याचे काम तो फरक पुसणे नाही. तो ओळखून शिध्याच्या कोष्टकात, रजेच्या यादीत, सणाच्या दिवशी त्याला जागा देणे हे आहे. कुटमध्ये जे झाले त्याच्या मुळाशी मला हेच दिसते. शिपाई स्वतःला ओळखत होता. त्याला ओळखणे ज्यांचे काम होते, त्यांनी त्याला डाळीसारखे मोजले, भरडलेल्या एकसारख्या दाण्यांसारखे.

कृती आणि एक विनंती

कृती वर आलीच आहे, तरी नीट देतो. मटकी किंवा मूग रात्रभर भिजवा, उपसा, पातळ फडक्यात बांधून उबेला ठेवा. मधे दोनदा पाणी शिंपडा. कोंब दाण्याएवढा झाला की पुरे. स्वच्छ पाण्याने धुऊन घ्या. कांदा, कोथिंबीर, मीठ, हिरवी मिरची, दाण्याचे कूट. लिंबू जेवायला बसताना पिळा. लहान मुले, म्हातारी माणसे आणि आजारी असतील त्यांनी कच्चे न खाता एक वाफ काढून घ्यावी. थोडे क जीवनसत्त्व जाईल, पण पोट बिघडण्यापेक्षा ते बरे.

आता विनंती, विशेषतः माजी सैनिक वाचकांना. बसऱ्याजवळच्या युद्धस्मारकावर मेसोपोटेमियात मेलेल्या, कबर न मिळालेल्या ४० हजारांहून अधिक माणसांची नोंद आहे. ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची तिथे नावे कोरली. बहुतेक हिंदी शिपायांचा पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा. आपल्याकडे सातारा, कोकण या भागांतल्या अनेक गावांत एक दगडी पाटी असते. या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली, इतकी परत आली नाहीत. तिथेही आकडाच. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरी गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली.

पण एक जागा आहे जिथे नाव सापडते. त्या युद्धात गेलेल्या प्रत्येक शिपायाला चांदीचे पदक मिळाले होते. अनेक घरांत ते देव्हाऱ्यात, ट्रंकेत किंवा जुन्या पितळी डब्यात पडलेले असते. सगळे जण त्याच्यावरचा राजाचा चेहरा आणि घोडेस्वार पाहतात. तुमच्या घरी असेल, तर पदक आडवे धरा आणि उजेडात त्याची कड पाहा. बारीक अक्षरांत शिपाई क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. १०३, ११० किंवा ११७ असा आकडा दिसला तर ते नाव मोठ्याने वाचा आणि घरातल्या लहान मुलांना ऐकवा. शंभर वर्षांत ते बहुधा कोणी उच्चारलेले नसेल.